भिंतीवरची तीन बोटं

धुळ्या, आधी तुला शिव्या घालतो, मग बाकीचं बोलतो. तीस वर्षं माझ्या शिडीचा पाय धरलास आणि एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून, न सांगता गेलास. ही काय रीत झाली? जाता जाता साठ फूट लांब आणि वीस फूट उंच भिंत पांढरी करून माझ्या गळ्यात मारलीस. त्या भिंतीवर मी आता जे काही करून बसलोय ते काय आहे, हे माझं मलाच सांगता येईना. तू असतास तर तुला विचारलं असतं. तू म्हणाला असतास, "रंगकाम हाय, दुसरं काय?" तुला तेवढंच सुचायचं आणि माझं डोकं तेवढ्यानंच शांत व्हायचं.

तात्यांच्या गोदामाची भिंत रे. निमगाव केतकीच्या अलीकडं, फाट्यापासून बारामतीच्या बाजूला, एस्टीच्या रस्त्याला लागून. पूर्वी तिथं ज्वारीची पोती असायची, आता कबुतरं आणि एक मोडका ट्रॅक्टर आहे. ठिबकवाल्यांची जाहिरात काढायची म्हणून तू दोन दिवस राबून अस्तर मारलंस, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की ते फ्लेक्सच लावणार. मी तणतणलो. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे पांढरी. भित काय खायाला मागती व्हय?" त्यानंतर बारा दिवसांनी तू गेलास.

तेराव्याला तुझ्या गावी, वरकुट्यात, पंगत उठल्यावर हिरावहिनी माझ्यापाशी आल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. पदर खोचून, भांडी मोजायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या भितीवर त्येंचं नाव काढा. मोठं काढा. एस्टीतनं दिसलं पायजे." मी म्हणालो, "महिन्याचं मासिक घालायच्या आत काढतो, वहिनी." असल्या वेळी माणूस दुसरं काय म्हणणार? आणि मला जड काय होतं? जन्मभर मी लोकांची नावं काढली. सरपंचांची काढली, दुकानांची काढली, ट्रॉल्यांवर पोरांची काढली. तुझी तर दोनच अक्षरं. झोपेतसुद्धा हात वळला असता.

तर वळला नाही. दुसऱ्या दिवशी बारामतीहून डबे, ब्रश, शिडी सगळं टेम्पोत घालून गेलो. निळीत दोरी बुडवली, एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं ताणून धरून उभा राहिलो. तू त्या टोकाला असलास की दोरी बोटानं ओढून धरायचास आणि ओरडायचास, "सोडू का, पेंटर?" मी "सोड" म्हणालो की फट्‌दिशी निळी रेघ उठायची. आता खिळ्याला आवाज नसतो. दोन खिळे मारले की दोरीला माणूस लागत नाही, हे मला कळत नाही का? पण मी आपला दोरी धरून उभाच. बाजेवर बसलेले तात्या बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "दिनकरराव, मासा लागला का न्हाय अजून?"

मी चिडून दोरी गुंडाळली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि मग एक भलताच विचार डोक्यात शिरला. म्हटलं, हे नाव मी कुणासाठी काढतोय? तुला तर ते वाचता यायचं नाही.

आठवतं का, मला ते कसं कळलं? इंदापूरला शाळेच्या कंपाउंडवर पाण्याची घोषणा लिहीत होतो. मी नेहमीसारखी अक्षरांची रेघ मारली आणि तुला म्हणालो, "निळा भर." आणि चहाला गेलो. आलो तर तू अक्षरं पांढरी सोडलेली आणि त्यांच्या पोटातली, मधली, भोवतालची सगळी जागा निळी करून टाकलेली. मी शिडीखालीच बोंब मारली. हेडमास्तर धावत आले, बघत राहिले आणि म्हणाले, "वा! पाण्यात अक्षरं पोहतायत." त्यांना पसंत पडलं तरी मी तुला पोरांसमोर झापायचं ते झापलंच. "अक्षर कुठलं आन्‌ मोकळी जागा कुठली, येवढंबी कळंना व्हय रं?" तू ब्रश पुसत म्हणालास, "मला दोनी सारखंच दिसतं, पेंटर." तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपण एकत्र काम करायला लागून सहा वर्षं झाली होती आणि तुला अक्षरओळख नाही हे मला ठाऊक नव्हतं! सहा वर्षं मी तुझ्याकडं बघितलं तरी होतं का, कुणास ठाऊक.

मी पाटी आणली. तू दोन संध्याकाळी मान खाली घालून बसलास, आणि तिसऱ्या संध्याकाळी पाटी परत दिलीस. "ऱ्हाऊ दे. वाचाय लागलो तर रंग दिसायचा बंद हुईल." हे तू आळसानं बोललास की खरोखर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एक कबूल करतो. हिरव्यात चिमूटभर काळा टाकून उसाच्या पाल्याचा रंग आणायचास, तो मला कधीच जमला नाही. मी लोकांना सांगायचो माझं मिश्रण आहे म्हणून. तू ऐकायचास आणि बिडी ओढायचास.

आता ती खूण. तिच्यापाशी यायचं टाळत होतो, पण किती टाळणार?

काम संपलं की मी उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशनं लिहायचो, 'पेंटर दिनकर, बारामती'. मग डबे धुवायला वळलो की तू तीन बोटं लाल रंगात बुडवायचास आणि माझ्या नावाशेजारी तिरकी ओढायचास. वीतभर. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालास, "खूण हाय. मेंढराला मारत्यात तसली." तू मेंढरं राखणाऱ्या घरातला. रानात दोन कळप एकात एक मिसळले तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून प्रत्येक घर पाठीवर आपापली रंगाची खूण मारतं, हे मला तूच सांगितलेलं. मी टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालो, "भित काय मेंढरू हाय का? पळून जाणार हाय का कुठं?" सगळे हसले. तूही हसलास. तिथं तुला काहीतरी बोलायचं होतं का? तेव्हा मी चहा फुंकत होतो.

मी पुसायचो, धुळ्या. रंग ओला असला तर फडक्यानं, वाळला असला तर वरून मागच्या रंगाचा एक हात. तू सायकलला डबे बांधत असायचास तेवढ्यात. एकदा एका खताच्या दुकानवाल्यानं "हे लाल काय सांडलंय?" म्हणून विचारलं, ते मला निमित्त झालं. खरं सांगू? निमित्त नसतं तरी पुसलंच असतं. भिंतीवर माझं नाव असताना शेजारी कुणाची बोटं मला खपत नव्हती. भिंतभर रंग तुझ्या हातचा असायचा, तो चालायचा. तीन बोटं चालायची नाहीत. मी कसला माणूस आहे रे?

तू कधी भांडला नाहीस. पुढच्या भिंतीवर परत लावायचास, एवढंच. तू लावायचास, मी पुसायचो. इतकी वर्षं हा खेळ चालला आणि आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. बोललास तो थेट या भिंतीपाशी. अस्तर मारून झालं होतं. बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "पेंटर, ह्या भितीवर खूण लावीन ती तेवढी ऱ्हाऊ दे."

"बघू."

"तू बघूच म्हणतूस."

"मग काय लिहून देऊ?"

"लिहून दिलंस तर वाचणार कोण?" म्हणालास, आणि हसत हसत सायकलवर टांग टाकलीस. हे आपलं शेवटचं भांडण. याला भांडण म्हणायचं का, तेही मला समजत नाही.

तर चौथ्या दिवशी दोरी पिशवीतून काढलीच नाही. राग आला होता. तुझा आला होता, माझा आला होता, त्या पांढऱ्या भिंतीचा आला होता. डब्यातला सगळा निळा परातीत ओतला आणि रोलर भरून भिंतीवर चालवला. रेघ नाही, माप नाही. तुझ्यासारखी मोकळी जागा भरत सुटलो, फक्त अक्षरं कुठं नव्हतीच. निळ्याला खेटून काळा आला, तुझ्या घोंगड्याचा. मग पिवळा घेतला. पिवळा का, विचारू नकोस, मला ठाऊक नाही. एक दिवस दिवसभर फक्त तो उसाच्या पाल्याचा हिरवा करायला बघितला आणि सात वेळा फसला. आठव्यांदा जो झाला तो तसाच लावला. वर डाव्या अंगाला तुझा अस्तराचा रोलर वळल्याचे पट्टे अजून दिसतात, तिथं हात लावला नाही. तेवढी भिंत तुझीच राहू दिली.

रस्त्यावर करमणूक झाली बघ. येणारा-जाणारा थांबायचा. "सोलरवाल्यांची दिसती." "पक्षाची आसंल, चिन्ह यायचंय अजून." तात्या रोज सकाळी एकच विचारायचे, "अक्षरं कवा येणार?" शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम स्कूटी थांबवून म्हणाल्या, "काका, हे अमूर्त चित्र आहे. एवढं मोठं मी कधी बघितलं नव्हतं." त्या गेल्यावर तात्यांनी विचारलं, "अमूर्त म्हंजी काय?" मी म्हणालो, "म्हंजे अजून ठरलेलं नसतं." तात्या म्हणाले, "ठरलं की सांगा." मॅडमनी मला माझ्या कामाचं नाव सांगितलं आणि त्यानं माझा गोंधळ वाढलाच. मला आपलं वाटत होतं की मी फक्त भिंत खराब करतोय.

शेवटी लाल राहिला. ट्रॉलीला मारतो तो रेड ऑक्साइड बादलीत घेतला, खराटा बुडवला आणि परांचीवरून खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वर मध्यापर्यंत तीन पट्टे ओढले. एकेक दाराएवढा रुंद. हात गळून गेले, दोनदा परांची हलवावी लागली, छातीत धडधड सुरू झाली. पण ओढले. आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं नाही. म्हटलं, घे तुझी खूण. आता बघू कोण पुसतो.

मग खाली उतरलो आणि रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. वहिनींनी काय सांगितलं होतं, मी काय केलं होतं! बाईनं नवऱ्याचं नाव मागितलं आणि मी तिला रंगाचा राडा देणार होतो. तात्या म्हणाले, "मला काय, माझी भित तशीबी पडीकच हाय. पर तिला काय सांगणार तुमी? आजून येळ हाय, चुना मारा आन्‌ गप नाव काढा." बरोबरच होतं त्यांचं. मी पिंपभर चुना कालवून भिंतीपाशी ठेवला. मासिक झालं तरी माझ्याच्यानं कुंचला बुडवला गेला नाही. ठरवलं, वहिनी बघतील. त्यांनी तोंड फिरवलं तर लगेच चुना.

काल आल्या. बारामतीला लेकीकडं निघाल्या होत्या, वाटेत फाट्यावर उतरल्या आणि चालत आल्या. हातात पिशवी. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"नाव कुठाय, भाऊजी?"

"न्हाय जमलं, वहिनी. हात चालंना. पर ही बगा, त्याची खूण काढलीय." मी लाल पट्ट्यांकडं बोट केलं. "तीन बोटं. तो लावायचा."

वहिनी पुढं गेल्या. पदर तोंडाशी धरला. मग माझ्याकडं वळल्या.

"ही त्येंची खूण न्हवं."

"न्हवं कशी? इतकी वर्सं मी माझ्या डोळ्यांनी..."

"वरकुट्याच्या घराची खूण एकच ठिपका हाय, मानंवर. तीन बोटं माझ्या बापाची." त्या खाली पायरीवर टेकल्या. "आमी मोरगावकडचं. लगीन झालं त्याच साली भाऊ कंपनीत लागला आन्‌ बापानं मेंढरं इकली. लय रडले मी. म्हनलं, आता ही खूण जगात कुठं दिसायची न्हाय. तर हे म्हनलं, मी दाखवतो की तुला. मग दर खेपंला सांगायचं. अमक्या भितीवर बघ, एस्टीत खिडकीला बस, उजव्या कोपऱ्यात तुझ्या बापाची खूण हाय."

मी हातातलं फडकं पाठीमागं धरलं.

"मी बसायची खिडकीला," वहिनी म्हणाल्या. "कवा दिसली न्हाय. मला वाटायचं थापा मारत्यात, मन राखायला. मग मीबी सांगायची, दिसली म्हनून. घरी आले की म्हनायची, दिसली बरं का आज. खूस व्हायचं."

धुळ्या, मला गप्प बसता आलं असतं. तात्या बाजेवरून बघत होते, चुन्याचं पिंप शेजारी होतं, आणि तू काही येऊन सांगणार नव्हतास. पण जीभ आपोआप चालली. मी म्हणालो, "वहिनी, तो थापा मारत न्हवता. तो लावायचा. मी पुसायचो."

वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. मी वाटच बघत होतो. त्यांनी एवढंच विचारलं.

"किती पुसल्या?"

"मोजल्या न्हाईत."

"त्येंला ठावं हुतं?"

ते मला माहीत नाही. तेच आता तुला विचारतो. तुला ठाऊक असणारच. तीस वर्षांत एकदा तरी तू मागं वळून बघितलं असशील. मग वहिनी "दिसली" म्हणायच्या तेव्हा तुला कळत असणार की बायको खोटं बोलतेय. आणि तरी तू खूश व्हायचास? आणि तरी पुढच्या भिंतीवर परत बोटं बुडवायचास? आणि मला का नाही सांगितलंस, बाबा, की ही बायकोसाठी आहे म्हणून? लाज वाटली असणार. मी तुला टपरीवर जगू दिलं नसतं, हे तुला पक्कं माहीत होतं. आणि खरंच नसतं जगू दिलं.

वहिनी उठल्या. भिंतीपाशी गेल्या, खालच्या पट्ट्यावर तळवा ठेवला. मी चुन्याच्या पिंपाकडं बघत म्हणालो, "तुमी म्हणाल तसं, वहिनी. चुना तयार हाय. उद्या नाव काढतो. दोन खिळे मारतो आन्‌ काढतो."

"नगं," त्या म्हणाल्या. "नाव त्येंलाबी वाचता येत न्हवतं आन्‌ मलाबी येत न्हाय. ह्ये वाचता येतंय."

मग पिंपावर फळी ठेवली, स्वतःच्या हातानं. जाताना तात्यांना म्हणाल्या, "तात्या, ह्येच्यावर कागुद चिकटवू देऊ नगा कुणाला." तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाय हो, बाई. कोण चिकटवतंय बघतो मी." त्यांनी अक्षरांचं काही विचारलं नाही.

मी वहिनींना फाट्यापर्यंत सोडायला निघालो तर नको म्हणाल्या. म्हणून भिंतीपाशीच थांबलो. थोड्या वेळानं बारामतीची एस्टी फाट्यावर थांबली आणि गोदामासमोरून निघाली. वहिनी खिडकीला बसल्या होत्या, भिंतीच्या बाजूला. माझ्याकडं बघितलं नाही. भिंत सुरू झाली तशी त्यांनी मान वळवली, आणि एस्टी पुढं जाईल तशी त्यांची मान मागं मागं वळत गेली, पार साठ फूट संपेपर्यंत.

या वेळी खरंच दिसली रे. पण आता लेकीकडून घरी गेल्यावर वहिनी 'दिसली' म्हणून सांगणार कुणाला, धुळ्या?